उष्णता आणि वायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकोल्यात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. एप्रिल उजाडला की आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि प्रश्नही तापायला लागतात. सिलिंडर गॅलरीत ठेवला तर चालेल का? टायरमध्ये हवा कमी भरू का? कूलर लावल्यावर खिडकी उघडी ठेवायची की बंद? मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही विचारतो. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच: वायू तापला की काय करतो.

उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतो. एक, वायू कोंडलेला आहे की मोकळा? दोन, त्याच भांड्यात सोबत द्रव आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं न घेता "गरम झालं की गॅस फुगतो" एवढंच म्हटलं की निम्म्या वेळा चूक होते. खालची उत्तरं वाचताना हे दोन प्रश्न हाताशी ठेवा.

वायू तापतो म्हणजे त्याच्या आत नेमकं काय होतं?

रेणूंचा वेग वाढतो. बस, एवढंच होतं. बाकी सगळं त्यातूनच येतं.

आपल्याला खोलीतली हवा निपचित पडल्यासारखी वाटते. पण २७ अंश सेल्सिअसला तिच्यातला नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला पावणेपाचशे मीटर वेगाने धावत असतो, म्हणजे ताशी १७०० किलोमीटर. सरळ मात्र त्याला कुठे जाता येत नाही. मिलिमीटरचा दहा हजारावा भागही पुरा होत नाही तोच दुसरा रेणू आडवा येतो, धडक होते, दिशा बदलते. यात्रेतल्या गर्दीत कोणी कितीही घाईने चालला तरी देवळाच्या दारी उशिराच पोचतो, तसं.

हेच रेणू भांड्याच्या भिंतीवर आदळत राहतात. त्या अगणित धडकांचा एकत्रित रेटा म्हणजे दाब.

आता एक हिशेब बघा. मुलांना हा फळ्यावर करून दाखवला की त्यांचे डोळे चमकतात. बंद डब्यातली हवा २७ अंशांवरून ५७ अंशांवर नेली, तर दाब दहा टक्के वाढतो. पण रेणूंचा वेग मात्र पाच टक्केच वाढलेला असतो. मग उरलेले पाच टक्के आले कुठून? वेग वाढल्यामुळे प्रत्येक धडक पाच टक्के जोरात बसते, आणि त्याच वेगामुळे धडकांची संख्याही पाच टक्के वाढते. जोर वाढला, वारंवारता वाढली, आणि १.०५ गुणिले १.०५ म्हणजे जवळपास १.१०. पाठ्यपुस्तकातलं सूत्र कोरडं वाटत असेल तर हा गुणाकार एकदा स्वतः करून बघा.

तापमान २० वरून ४० अंश झालं तर दाबही दुप्पट होतो का?

नाही. सेल्सिअसचं शून्य आपण पाण्याच्या गोठण्यावर बेतलं आहे. वायूला त्याच्याशी देणंघेणं नाही. वायूचा हिशेब उणे २७३.१५ अंशांपासून सुरू होतो, त्याला केवल शून्य म्हणतात. म्हणून आधी २७३ मिळवा: २९३ वरून ३१३. वाढ सात टक्क्यांनाही थोडी कमी. परीक्षेत सर्वांत जास्त गुण याच एका चुकीपायी जातात.

तापमानाबरोबर वायूचा दाब किंवा आकारमान ठरावीक प्रमाणात वाढतं, हा नियम शोधला कोणी? पुस्तकात कुठे चार्ल्सचं नाव असतं, कुठे गे-ल्युसॅकचं.

दोघांचाही त्यात वाटा आहे, आणि त्याआधी तिसऱ्याचाही. फ्रान्समधल्या गीयोम आमाँताँ यांनी १७००च्या आसपास दाखवून दिलं होतं की कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. रॉबर्ट बॉइल यांचा दाब आणि आकारमानाचा १६६२ चा नियम त्याही आधीचा, पण त्यात तापमान कायम धरलेलं आहे.

पुढची गोष्ट फुग्यांची आहे. जून १७८३ मध्ये मोंगोल्फिए बंधूंनी फ्रान्समधल्या आनोने गावी गरम हवेचा फुगा उडवून दाखवला. २१ नोव्हेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये दोन माणसं अशाच फुग्यातून मोकळ्या आकाशात गेली. त्याच वर्षी जाक शार्ल, म्हणजे आपल्या पुस्तकातले चार्ल्स, हायड्रोजनच्या फुग्याच्या मागे लागले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी सोडलेला बिनमाणसाचा फुगा गोनेस गावाजवळ पडला आणि हे काय आकाशातून आलं म्हणून घाबरलेल्या गावकऱ्यांनी तो फाडून टाकला. १ डिसेंबरला शार्ल स्वतः वर गेले. त्या फुग्यात त्यांनी वर एक झडप ठेवली होती आणि खालचं तोंड मोकळं ठेवलं होतं, म्हणजे पसरणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट राहील. कोंडलेला की मोकळा, हा प्रश्न या माणसाने जिवावर बेतलेला असताना सोडवला होता. मला शार्ल यांच्याविषयी फार आदर वाटतो तो नियमापेक्षा या झडपेसाठी.

१७८७च्या सुमारास त्यांनी वेगवेगळे वायू तापवून ते सारखेच प्रसरण पावतात का हे तपासलं, पण छापलं काहीच नाही. १८०२ मध्ये जोझेफ गे-ल्युसॅक यांनी स्वतःचे काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्यात शार्ल यांच्या कामाचा उल्लेख आवर्जून केला. त्या उल्लेखामुळेच नियमाला चार्ल्सचं नाव राहिलं. गे-ल्युसॅक हेही हातावर हात धरून बसणारे नव्हते. १८०४ मध्ये ते एकटे फुग्यातून सात हजार मीटर उंचीवर गेले आणि तिथल्या हवेचा नमुना घेऊन आले.

खोली तापली तर खोलीतल्या हवेचा दाब वाढतो का?

वाढत नाही, कारण खोली बंद नसते. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटी, झरोका, कुठून ना कुठून हवा बाहेर जाते.

किती जाते ते ऐका. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात ३० अंशांना सुमारे ३३ किलो हवा असते. हो, तेहतीस किलो. तांदळाच्या पंचवीस किलोच्या कट्ट्याहूनही जास्त. खोली ४० अंशांपर्यंत तापली की त्यातली किलोभर हवा फटींतून गुपचूप निघून जाते. रात्री खोली निवली की तेवढीच बाहेरून परत येते. येताना धूळही आणते.

भाकरी फुगते ती आतली हवा तापल्यामुळे ना?

हा प्रश्न माझा सगळ्यात आवडता, कारण बहुतेकांना आपलं उत्तर बरोबर आहे याची खात्री असते आणि ते चुकलेलं असतं.

भाकरी थापताना तिच्यात थोडी हवा अडकते हे खरं. पण हवा ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली तरी तिचं आकारमान फक्त तेवीस टक्क्यांनी वाढतं. एवढ्याने भाकरीला पोक येईल, ती टम्म फुगणार नाही. खरं काम पाणी करतं. एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीस-एक थेंब, उकळून वाफ झालं की त्याला जवळपास १७०० मिलिलिटर जागा लागते. दीड लिटरच्या बाटलीतही ती वाफ मावणार नाही.

आता तव्याजवळ उभं राहून बघा. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. उलटली की ती बाजू भाजून कोरडी पडते, तिचा पातळ थर घट्ट होतो. मग भाकरी विस्तवावर घेतली की आतल्या ओल्या पिठातलं पाणी वाफ होऊन वाट शोधायला लागतं. वरचा थर कोरडा, खालचा कोरडा, कडा दाबून नीट थापलेल्या. वाफेला जायला जागा नाही. ती दोन थर एकमेकांपासून सोडवते, आणि आपण म्हणतो पापुद्रा सुटला. कुठे चीर गेली असेल तर तिथून फुस्स करून वाफ निघते आणि भाकरी बसते. माझी आई भाकरीला चीर पडली की ओल्या बोटाने लगेच सांधायची. तिने चार्ल्सचं नाव ऐकलं नव्हतं, पण कोंडलेल्या वायूला गळती चालत नाही हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

दोन्ही प्रश्न इथे लावून बघा. कोंडलेला आहे का? हो. सोबत द्रव आहे का? हो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं की साध्या वायूचे नियम मागे पडतात आणि बाष्पदाब, म्हणजे द्रवाच्या वाफेचा दाब, पुढे येतो.

कुकरमध्येही तेच होतं का?

अगदी तेच. कुकरमधली नुसती हवा १२० अंशांपर्यंत तापवली तर दाब जेमतेम एक तृतीयांशाने वाढला असता. पण पाण्याच्या वाफेचा दाब १२० अंशांना वातावरणाच्या जवळपास दुप्पट असतो. डाळ लवकर शिजते ती दाबाने चेपली जाते म्हणून नव्हे, तर दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी १२० अंशांपर्यंत द्रव राहतं म्हणून.

शिट्टी लावण्याआधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, असं कुकरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. त्यामागचं कारण हेच: आत हवा राहिली तर ती दाबातला आपला वाटा घेते, शिट्टी वेळेवर होते, पण आतलं तापमान पुरेसं चढलेलं नसतं. शिट्ट्या मोजून तीन झाल्या आणि डाळ कच्ची, याचं एक कारण हे असू शकतं.

आणि एक विनंती. कुकर लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते रोज बघा. डाळीचं एक टरफल तिथे अडकलं की मोकळा असायला हवा तो वायू कोंडला जातो.

घरगुती गॅसचा सिलिंडर उन्हात राहिला तर फुटेल का?

आधी आत काय आहे ते बघू. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेलं असतं, १४.२ किलो. वरच्या मोकळ्या जागेत त्याचीच वाफ. म्हणजे इथेही सोबत द्रव आहे.

याचा अर्थ असा की तापमान वाढलं की दाब वायूच्या नियमापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो. नुसती हवा असती तर २० वरून ४० अंशांना सात टक्के वाढ झाली असती. प्रोपेनचा बाष्पदाब तेवढ्यात दीडपटीच्या पुढे जातो. शिवाय द्रवही प्रसरण पावतो, म्हणून सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. वर मुद्दाम जागा सोडतात.

टाकी, झडप, सुरक्षेची तरतूद हे सगळं अशा उन्हाळ्याचा विचार करूनच बनवलेलं असतं. त्यामुळे गाडीतून उतरवताना दहा मिनिटं ऊन लागलं तर घाबरायचं कारण नाही. पण रोजच्या रोज उन्हात, पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नका. उभाच ठेवा, आडवा केला तर झडपेतून वाफेऐवजी द्रव येऊ शकतो, आणि तो द्रव बाहेर पडताच अडीचशेपटीच्या आसपास पसरतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाली तर तो वर उडून जात नाही, फरशीवर साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा.

सिलिंडर गरम पाण्यात ठेवला की उरलेला गॅस येतो, हे खरं का?

येतो हे खरं आहे, आणि करू नका हेही तितकंच मनापासून सांगतो.

द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते. मोठी शेगडी भरभरून चालवली की ती उष्णता द्रव स्वतःतूनच देतो आणि थंड पडतो. लग्नाच्या स्वयंपाकात सिलिंडरच्या खालच्या भागावर दव धरलेलं, कधी पांढरा बर्फाचा थर आलेला तुम्ही पाहिला असेल. थंड द्रवाचा बाष्पदाब कमी, म्हणून ज्योत मंदावते आणि आचारी म्हणतो गॅस संपला. शेगडी थोडा वेळ बंद ठेवली की सिलिंडर आजूबाजूच्या हवेतून उष्णता घेतो आणि पुन्हा चालतो. एका सिलिंडरवर सगळा भार टाकण्याऐवजी दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून घेणं हा त्यावरचा सरळ उपाय. गरम पाणी, आडवा सिलिंडर, खाली पेटवलेला कागद, हे सगळे जीवघेणे प्रकार आहेत.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे दाबावरून कळेल का?

नाही. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो. ओल्या फडक्याने सिलिंडर पुसून बघा. वरचा रिकामा भाग लवकर वाळतो, द्रव आहे तिथला ओलावा रेंगाळतो. ती रेघ म्हणजे द्रवाची पातळी.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचं मात्र उलट. त्यात द्रव नसतो, नुसता दाबून भरलेला वायू असतो, म्हणून दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला की ऑक्सिजनही अर्धाच उरलेला असतो.

सीएनजी दुपारपेक्षा रात्री जास्त बसतो असं रिक्षावाले म्हणतात. बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि तेही दोन कारणांनी. पंपावर सुमारे २०० बार दाबाला, म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोनशेपट दाबाला, मशीन थांबतं. टाकी ४५ अंशांना असेल तर तेवढ्याच दाबाला २५ अंशांपेक्षा निदान सहा टक्के कमी गॅस मावतो. दुसरं म्हणजे झपाट्याने भरताना टाकीतला गॅस दाबला जाऊन आणखी तापतो. काटा लवकर वर जातो, आणि पुढे टाकी निवल्यावर खाली येतो. पैसे किलोवर जातात, त्यामुळे फसवणूक होत नाही. फक्त पुढची रांग लवकर लावावी लागते.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरावी का?

नाही! हा सल्ला कोणी दिला तर कृपया तिथेच थांबवा.

आधी हिशेब. गाडीच्या टायरमध्ये सकाळी २५ अंशांना ३२ पीएसआय हवा भरली. गेजवरचा हा आकडा बाहेरच्या दाबाच्या वरचा असतो, म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे: ४६.७. रस्त्यावर टायर ५५ अंशांना गेला तर हे होतात ५१.४, म्हणजे गेजवर ३७ च्या थोडं खाली. पाचेक पीएसआयची ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही.

फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपला जातो, त्याच्या बाजू सतत दुमडतात आणि सरळ होतात. तार दहा वेळा वाकवली की ती हाताला गरम लागते, तेच इथे होतं. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, तापलेल्या रस्त्यावर ताशी शंभर-एकशेवीसच्या वेगाने न थांबता तासभर चालवलं की ही उष्णता साठत जाते, रबर आणि आतले थर सुटायला लागतात आणि टायर जातो. म्हणजे हवा कमी भरून आपण नेमकं संकटालाच बोलावतो.

दारालगतच्या पट्टीवर लिहिलेला आकडा पाळा. हवा गाडी थंड असताना, निदान तीन तास उभी राहिल्यावर तपासा. वाटेत टायर गरम असताना गेज जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका.

गेल्या मे महिन्यात आमच्या पुतण्याची सायकल गच्चीवर राहिली. दुपारी तीनला एवढा मोठा आवाज झाला की शेजारचे बाहेर आले. सगळे म्हणाले, उन्हाने फुटली. मी टायर काढून पाहिला. ट्यूब फाटली होती ती अगदी रिमच्या कडेला, आणि तिथे टायरची कडा आधीच झिजून आतले धागे बाहेर आले होते. ४५ पीएसआय सकाळी भरले असतील तर ६५ अंशांना ते ५३ झाले असतील. धडधाकट टायरने हे आठ पीएसआय सहज सोसले असते. उन्हाने फक्त त्या झिजलेल्या जागेची परीक्षा घेतली.

नायट्रोजन भरला तर टायर तापल्यावर दाब वाढत नाही, असं पंपावर सांगतात.

वाढतो, हवेइतकाच वाढतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि प्रसरणाच्या बाबतीत वायूंमध्ये फारसा भेदभाव नाही. नायट्रोजनचा खरा फायदा हा की तो कोरडा असतो. टायरमध्ये पाण्याचा अंश राहत नाही. विमानांना आणि शर्यतीच्या गाड्यांना त्याचं महत्त्व आहे. रोजच्या गाडीला वेळेवर तपासलेली साधी हवा पुरते.

सायकलचा पंप मारताना खालून गरम का होतो?

इथे बाहेरून उष्णता दिलेलीच नाही, तरी हवा तापते. क्रिकेटमधून समजून घेऊ. बॅट पुढे नेऊन चेंडू मारला तर तो आला त्यापेक्षा वेगाने जातो. हात मागे घेत झेल घेतला तर चेंडूचा वेग मरतो. पंपाचा दट्ट्या पुढे येत असतो, त्याच्यावर आदळणारे रेणू वेग घेऊन परततात. वेग वाढला म्हणजे तापमान वाढलं. डिझेल इंजिनात याच युक्तीने हवा इतकी दाबतात की ती ५०० अंशांच्या पुढे जाते आणि डिझेल ठिणगीशिवाय पेट घेतं.

उलट वायू पसरताना भोवतालच्या हवेला रेटतो, त्यात त्याची ऊर्जा खर्ची पडते आणि तो थंड होतो. टायरची हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरा, गारवा जाणवेल.

याचा पावसाशी काही संबंध आहे का?

संबंध कसला, महाराष्ट्राचा पाऊसच त्यावर उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते. पसरते म्हणून थंड होते, कोरडी असेल तर दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी. थंड हवेतली वाफ थेंबांत उतरते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीच हवा पलीकडे उतरताना दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. माण-खटावला म्हणूनच पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावं लागतं. एकच जिल्हा, एकच वारा, आणि मधे फक्त हवेचं पसरणं-दबणं.

गरम हवा वर का जाते?

ती आपणहून जात नाही, तिला ढकललं जातं. तापलेली मोकळी हवा पसरते, हलकी होते. शेजारची थंड जड हवा खाली शिरते आणि तिला वर रेटते. कोकणात दिवसा जमीन समुद्राआधी तापते म्हणून दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, आणि रात्री जमीन आधी निवते म्हणून मतलई वारे उलटे वाहतात. मच्छीमारांच्या पिढ्यांनी शिडाच्या होड्या याच वेळापत्रकावर चालवल्या.

हिवाळ्यात पहाटे शेकोटीचा धूर गावावर आडवा पसरून राहतो, तेही यामुळेच. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, धूर थोडा वर जाऊन निवतो आणि वरच्या उबदार थराखाली अडकतो. ऊन चढलं की तो सुटतो.

फार उकाड्यात विमानं का थांबवतात?

४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साडेनऊ टक्के विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला हवा कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सला पारा ४८ अंशांवर गेला तेव्हा लहान विमानांची कितीतरी उड्डाणं रद्द झाली. गरम हवेचे फुगेही पहाटेच उडवतात: बाहेर जितकी थंडी, तितकी उचल जास्त.

गरम सोडा फसफसून का वाहतो? आणि उन्हाळ्यात तळ्यातले मासे का मरतात?

दोन्हींचं कारण एकच. पाणी तापलं की त्यात वायू कमी विरघळतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. पाणी आटलेलं, त्यात सांडपाणी मिसळलेलं असेल तर पहाटेच्या सुमाराला ऑक्सिजन अगदी कमी होतो आणि सकाळी मासे पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. शेततळ्यात मासे असतील तर मे महिन्यात पाणी खळबळत ठेवा.

थंडीत गोबरगॅस कमी का येतो? गॅस आकसतो म्हणून?

३० वरून १५ अंशांना आकसून जेमतेम पाच टक्के कमी होतो. बाकीची घट जिवाणूंची. थंडीत त्यांचं काम मंदावतं. पाचक टाकीला ऊब द्या.

बासरी गरम झाली की सूर चढतो, असं गुरुजी म्हणतात.

खरं आहे. तापलेल्या हवेत रेणू वेगाने धावतात, म्हणून आवाजही वेगाने जातो: शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. बासरीत सूर देते ती आतली हवा, म्हणून दहा अंशांनी तापमान वाढलं की सूर एका बारीक श्रुतीएवढा वर सरकतो. पेटीत सूर धातूच्या पट्टीचा असतो, तो फारसा हलत नाही. मैफलीआधी बासरीवाले थोडा वेळ फुंकून बासरी उबवून घेतात आणि मगच सूर जुळवतात, ते याचसाठी.

मुलांना घरी दाखवता येईल असा सोपा, बिनधोक प्रयोग सांगा.

काचेची रिकामी बाटली झाकण न लावता अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढून टेबलावर उभी करा. तोंडाची कड ओल्या बोटाने भिजवा आणि त्यावर एक ओलं नाणं ठेवा, तोंड पुरतं झाकलं जाईल असं. पाण्याचा पातळ थर फट बंद करतो. आता मुलाला दोन्ही तळव्यांनी बाटली घट्ट धरायला सांगा आणि कोणी बोलू नका.

दहा-पंधरा सेकंद काही होत नाही. मग नाणं एका बाजूने किंचित उचलतं आणि बसतं: टक. पुन्हा शांतता. पुन्हा टक. आतली हवा आठ अंशांवरून तळव्यांच्या उबेपर्यंत चढत असते, नऊ टक्क्यांपर्यंत जास्त जागा मागत असते, आणि दर वेळी थोडी बाहेर पडते. काही मिनिटांनी टकटक थांबते. तेव्हा उत्तर सांगून टाकू नका. मुलालाच विचारा, आता का थांबली?